घरातले लिहिताना कोणाला विचारावे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये एकत्र कुटुंबात राहता आणि काही वर्षांपासून स्वतःच्या नावाने मराठीत ब्लॉग लिहिता. स्वयंपाकघर, सणवार, मुलाचे दहावीचे वर्ष, सासूबाईंचे वाढते वय असे त्याचे विषय असतात. मागच्या महिन्यात तुम्ही सासूबाईंच्या विसरभोळेपणावर एक लेख लिहिला आणि त्याच लेखात मुलाच्या पूर्वपरीक्षेतल्या गणिताच्या गुणांचाही ओझरता उल्लेख केला. नात्यातल्या कोणीतरी तो मजकूर उचलून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून सासूबाई तुमच्याशी कामापुरते बोलतात, मुलगा शाळेतले काही सांगेनासा झाला आहे आणि यजमानांचे म्हणणे आहे की हे लिहिणेच बंद कर. ब्लॉग बंद करावा की टोपणनाव घेऊन लिहावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी स्वतः बरीच वर्षे असेच लिहीत आले आहे आणि शहरातल्या नव्याने लिहू लागलेल्या काही जणींचे लेख प्रसिद्ध होण्याआधी वाचून देते. त्यामुळे तुमची अडचण मला नवी नाही. माझ्या मते तिचे मूळ असे आहे की लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढे अनोळखी वाचक होता आणि लेख वाचला तो मात्र ओळखीच्या माणसांनी. लातूरच्या किंवा अमेरिकेतल्या कोण्या वाचकाला तुमच्या सासूबाई म्हणजे केवळ ‘एक सासूबाई’ असतात. तो लेखातून स्वतःच्या आईकडे जातो आणि तुम्हाला मनापासून दाद देतो. मावससासूबाईंना मात्र त्या लेखात दुसरे काही दिसत नाही, त्यांना आपली बहीण दिसते, आणि पुढच्या लग्नकार्यात त्या तिच्याकडे त्याच नजरेने पाहतात. सासूबाई दुखावल्या आहेत त्या या नजरेमुळे. जगाने वाचले याचे त्यांना फारसे वाटले नसेल. ज्यांच्यात त्यांची पन्नास-साठ वर्षांची प्रतिष्ठा आहे, त्या माणसांनी वाचले, ही खरी बोच आहे.

हे लक्षात घेतले म्हणजे टोपणनावाचा उपाय आपोआप बाद होतो. टोपणनाव तुम्हाला अनोळखी वाचकांपासून लपवते, पण त्यांच्यापासून लपण्याची गरजच नव्हती. ज्यांच्यापासून लपायचे ते तपशिलावरून ओळखतात. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले सासरे, अंगणातले रामफळाचे झाड, रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीवर, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदावर, जाण्याचा घराचा हट्ट, एवढ्या तीन खुणा एकाच लेखात आल्या की नात्यातल्या माणसाला वर छापलेले नाव वाचण्याची गरज उरत नाही. शिवाय टोपणनाव घेतल्यावर लिहिणाऱ्याचा हात सैल सुटतो, आधी जे लिहिले नसते तेही लिहिले जाते आणि ओळख उघडी पडते तेव्हा घरच्यांना दुप्पट फसवल्यासारखे वाटते. माझ्या ओळखीच्या ज्या लेखिकांनी घरगुती विषयांसाठी टोपणनाव घेतले, त्यांना मी तरी स्वतःच्या नावाकडे परत येण्याचाच सल्ला दिला आहे. अपवाद एकच. ज्या बाईला घरात मारहाण किंवा छळ सोसावा लागतो आणि ते सांगितल्याशिवाय तिची सुटका नाही, तिने आपले नाव आणि ठावठिकाणा अवश्य झाकावा. तिच्याबाबत पुढचे परवानगीचे नियमही लागू होत नाहीत. तुमचे घर तसे नाही, हे तुमच्या प्रश्नातल्या प्रत्येक ओळीवरून कळते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते कबूल करते. सासूबाईंचा विसरभोळेपणा वयाचा आहे की त्यामागे निदान झालेला आजार आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि उत्तराचा मोठा भाग त्यावर ठरतो. साधा विसरभोळेपणा असेल तर त्या स्वतः हो किंवा नाही म्हणू शकतात आणि त्यांचा शब्द अखेरचा मानावा. आजार असेल आणि आज दिलेला होकार उद्या त्यांना आठवणार नसेल, तर तो होकार धरून चालता येत नाही. अशा वेळी त्यांच्या आजारपणाचे तपशील लिहूच नयेत, यजमानांनी किंवा नणंदबाईंनी मान्यता दिली तरीही. मुलाचे वय हाही असाच मुद्दा आहे. चार वर्षांच्या मुलाने भाताचा डोंगर करून त्यात वरणाचे तळे केले, हे लिहिताना कोणाचे काही बिघडत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे गुण, पुरळ, मित्र, भांडणे, रडणे यांतले काहीही त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या फोनवर पोहोचले तर त्याचे अख्खे वर्ष नासते.

कायद्याचा आधार शोधावा असे काही जणांना वाटते, म्हणून तेही सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुढे 2023 मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या कायद्यातले एक उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ब्लॉगवर आपली मते मांडताना एखादी व्यक्ती स्वतःची माहिती स्वतःच जाहीर करते, तेव्हा त्या माहितीला हा कायदा लागू होत नाही, असे तिथे स्पष्ट दिले आहे. त्यातला ‘स्वतःची’ हा शब्द महत्त्वाचा. सासूबाईंची माहिती तुम्ही जाहीर केली तर ती त्यांनी जाहीर केली असे होत नाही. याच कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकाच्या माहितीसाठी कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. म्हणजे मुलाच्या माहितीची राखण पालकांकडे सोपवली आहे. आई स्वतःच लिहिणारी असेल तेव्हा संमती मागणारी आणि देणारी एकच व्यक्ती होते, आणि मुलाच्या बाजूने बोलणारे घरात कोणी उरत नाही. घरातल्या प्रश्नासाठी कोर्टाची पायरी कोणी चढत नाही आणि चढूही नये. परंतु परवानगी कोणाकडे मागायची याची दिशा या तरतुदींवरून नीट कळते.

यानंतर येतो सर्वांत कठीण भाग, आणि त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. एकाच घरात घडलेल्या एकाच प्रसंगातला कोणता भाग तुमचा आणि कोणता दुसऱ्याचा, हे कसे ओळखावे? तुमच्याच लेखातला प्रसंग घेऊ. सासूबाईंनी गॅसवर दूध ठेवले आणि त्या देवपूजेला बसल्या. दूध उतू गेले, मग आटले, पातेले करपले. हे आधीही घडले होते. डॉक्टरांनी कोणती गोळी सुरू केली ते तुम्ही लिहिले. नणंदबाईंना फोन केला तेव्हा त्या काय म्हणाल्या ते लिहिले. मुलगा आजीवर वैतागला ते लिहिले, आणि त्याच्या वैतागाचे कारण म्हणून गणिताचे गुण आले. सासूबाई पूर्वी किती टापटिपीच्या होत्या हेही शेवटी लिहिले, आणि माझा अंदाज आहे की त्यांना सर्वांत जास्त तेच लागले असेल, कारण त्या वाक्यात ‘होत्या’ आहे.

हा लेख माझ्याकडे आधी वाचायला आला असता तर मी पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यासमोर त्या वाक्याच्या मालकाचे नाव लिहिले असते. गोळीचे नाव आणि डॉक्टरांचे म्हणणे सासूबाईंचे. फोनवरचे बोलणे नणंदबाईंचे, कारण त्या भावजयीशी बोलत होत्या, वाचकांशी नव्हे. वैताग आणि गुण मुलाचे. एवढे काढल्यावर तुमच्यासाठी काय उरते ते पाहा. बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालताना करपल्याचा वास आला आणि काळजात धस्स झाले, ते तुमचे. उद्यापासून घर सोडून कामाला जाताना गॅसचा सिलिंडर बंद करून जावे का, आणि तसे केले तर त्यांना काय वाटेल, ही घालमेल तुमची. सासूबाईंनीच तुम्हाला पहिल्या वर्षी दुधाला विरजण किती कोमट असताना लावायचे ते बोट बुडवून शिकवले होते, तीही आठवण तुमची आहे, अर्धी त्यांची असली तरी. करपलेले पातेले घासताना तुम्हाला आपल्या आईची आठवण झाली, असे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेला आहात. त्या वाक्यावर थांबायला हवे होते. वाचकांना हलवून सोडणारा लेख तिथे होता.

अशा छाटणीने लेख फिका पडतो, अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकते. माझा अनुभव याच्या उलट आहे. दुसऱ्यांचे तपशील काढले की लिहिणारीला स्वतःकडे पाहावेच लागते, आणि ते अवघड असल्यामुळेच आपण आधी दुसऱ्यांचे तपशील भरलेले असतात. घरातल्या माणसाचे विचित्र वागणे टिपणे सोपे असते. ते पाहताना आपल्याला नेमके काय वाटले, भीती की राग की लाज, हे प्रामाणिकपणे लिहायला वेळ लागतो. यात आणखी एक ओढ असते ती उघड बोलली पाहिजे. भांडण, आजारपण, मुलांच्या उचापती यांवरच्या लेखांना प्रतिसाद भराभर येतात आणि कुरडयांच्या चिकावरच्या लेखाला मोजके येतात. ते आकडे पाहत पाहत आपला हात हळूहळू घरातल्या नाजूक जागांकडे वळतो. तुमचे मागचे लेख या नजरेने एकदा वाचा, असे मी सुचवेन.

चार विषय मी परवानगीशिवाय कधीच मान्य करत नाही: आजार, गुण, पैसा आणि ठरू घातलेले लग्न. यांत बाकीच्यांचे स्पष्टीकरण लागत नाही, लग्नाचे मात्र लागते, कारण मुलगी पाहायला कोण आले होते असे सहज लिहिणारे बरेच असतात आणि नकार आला तर त्या मुलीच्या नावाशी तो लेख कायम चिकटून राहतो.

परवानगी मागण्याची एक रीत असते. ‘तुमच्यावर थोडे लिहिले आहे, टाकू का?’ असे स्वयंपाकाच्या गडबडीत विचारले तर कोणीही ‘टाक’ म्हणते, आणि त्याला परवानगी म्हणता येत नाही. पूर्ण लेख वाचून दाखवावा. सासूबाईंना फोनच्या पडद्यावर वाचणे जमत नसेल तर मोठ्या अक्षरांत छापून द्यावा, दुपारी निवांतपणे शेजारी बसावे आणि त्यांना वेळ घेऊ द्यावा. नात्यातले कोण वाचू शकेल हेही त्याच वेळी सांगावे. लेख व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल असे गृहीत धरूनच विचारावे. मोठ्याने वाचताना एखाद्या वाक्यावर तुमचाच आवाज अडखळला, तर ते वाक्य त्यांनी हरकत घेण्याची वाट न पाहता काढून टाकावे. त्यांनी एखादा तपशील दुरुस्त केला तर तो आनंदाने बदलावा, कारण पुष्कळदा त्यांची आठवण आपल्यापेक्षा पक्की असते. आणि आज दिलेली परवानगी दोन वर्षांनी परत घेण्याचा हक्क त्यांना आहे, हे बोलून दाखवावे. मुलांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे आहे. आठव्या वर्षी स्वतःवरचा लेख कौतुकाने सर्वांना दाखवणारा मुलगा पंधराव्या वर्षी तोच लेख काढून टाक म्हणतो, आणि ते त्याचे म्हणणे रास्त असते.

आता सध्याच्या लेखाचे काय करायचे, ते व्यवहाराच्या भाषेत सांगते. लेख रागाच्या भरात पुसून टाकू नका. तो मसुद्यात परत न्या, म्हणजे वाचकांना दिसणार नाही आणि तुमच्याकडे राहील. मजकूर हटवल्यावरही गूगलच्या शोधात त्यातल्या एक-दोन ओळी काही काळ दिसत राहतात. जुना मजकूर काढण्याची विनंती करण्याची सोय गूगलने दिली आहे, ती वापरा. ज्यांना तुमचे लेख ईमेलने जातात, त्यांच्याकडे मूळ मजकूर गेलेला आहे आणि तो परत येणार नाही, हे स्वीकारावे लागेल.

व्हॉट्सअ‍ॅपचे गणित वेगळे आहे. संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय पाठवणाऱ्याला जेमतेम अडीच दिवस मिळते, आणि ती मुदत तुमच्या बाबतीत संपली आहे. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मात्र दुसऱ्याने टाकलेला संदेशही सर्वांसाठी काढता येतो, ही सोय 2022 पासून आहे. तुमच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन बहुधा कोणी चुलत दीर किंवा पुतण्या असेल. त्याला शांतपणे फोन करून विनंती करा. मजकूर कोणी टाकला याची चौकशी करत बसू नका, त्यातून नवे भांडण उभे राहील. पुढे किती ठिकाणी गेला हे शोधण्याचाही उपयोग नाही. 2018 पासून पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण येते आणि एका वेळी जास्तीत जास्त पाच चॅटनाच तो पाठवता येतो. परंतु मजकूर नकलून नव्याने चिकटवला की ती खूणही राहत नाही आणि तुमचे नावही. मराठीतले कितीतरी चांगले लेख असेच निनावी फिरतात. म्हणून घरातल्या माणसाचा उल्लेख असलेला कोणताही परिच्छेद लिहिताना मी असे धरून चालते की हा एकटा परिच्छेद, मागच्यापुढच्या संदर्भाशिवाय आणि माझ्या नावाशिवाय, त्या माणसाच्या फोनवर येणार आहे. तसा आला तरी त्याला मान खाली घालावी लागणार नसेल, तरच तो ठेवते.

यजमानांच्या म्हणण्याबद्दल. लिहिणे बंद करावे, हे मला पटत नाही, पण त्यांची काळजी खोटी नाही. आईकडे आणि मुलाकडे पाहून ते बोलत आहेत. त्यांना उत्तर देण्याऐवजी काही आठवडे नवे काही प्रसिद्ध न करता फक्त लिहीत राहा आणि ते त्यांना वाचायला द्या. तुमच्यासारख्यांचे लेखन थांबू नये असे मला वाटते याला कारण आहे. मध्यमवर्गीय मराठी घरात रोज काय शिजते, काय बोलले जाते, द्राक्षांच्या हंगामात अवकाळी पाऊस आला की शेतीवाल्या नातेवाइकांचे फोन कसे येतात, सिंहस्थ जवळ आला की घरात पाहुण्यांच्या गाद्यांचा हिशेब कसा सुरू होतो, हे इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना 1840 ची. त्या काळापासून या शहरात छापील पाने जपली गेली, पण त्या पानांत त्या वेळच्या स्वयंपाकघरांचा आवाज किती थोडा असेल! आजच्या घरांतला तो आवाज तुम्ही स्वतःच्या भाषेत टिपत आहात, आणि पूर्वी ही सोय बहुतेक बायकांना कधी मिळाली नव्हती. एवढेच करा की ब्लॉगची प्रत वेळोवेळी आपल्या संगणकावर उतरवून ठेवा, कारण अशा मोफत सेवा कंपनीच्या मर्जीवर चालतात.

शेवटचे मुलाबद्दल आणि सासूबाईंबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात खरी तळमळ तिथे आहे. कृपा करून माफीचा लेख लिहू नका. तो फार सुंदर होईल, वाचक डोळे पुसतील, आणि मुलाला कळेल की त्याचे दुखावणेसुद्धा लेखाचा विषय झाले. माफी तोंडी मागा आणि दोघांची वेगवेगळी मागा. मुलाला स्पष्ट शब्द द्या की अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्याविषयी काहीही प्रसिद्ध होणार नाही, कौतुकाचेही नाही, आणि त्यानंतर जे होईल ते त्याने वाचून होकार दिल्यावरच होईल. जुन्या लेखांची यादी त्याच्यापुढे ठेवा आणि जे काढायला सांगेल ते त्याच्यासमोर बसून काढा. त्यात तुमचा एखादा आवडता लेख असला तरी वाद घालू नका. बोलणे पूर्ववत व्हायला त्याची परीक्षा संपेपर्यंतचा काळही लागू शकेल.

सासूबाईंना त्या लेखाबद्दल काय सांगायचे आहे ते आधी पूर्ण ऐकून घ्या, मध्ये स्वतःची बाजू मांडू नका. वर सांगितल्याप्रमाणे छाटलेला लेख त्यानंतर कधीतरी, त्यांचे मन निवल्यावर, वाचून दाखवता येईल. त्या हो म्हणाल्या तर प्रसिद्ध करा. नाही म्हणाल्या तर तो मसुद्यांतच राहू द्या, आणि नकाराचे कारण विचारू नका.